चिखलाचा नंबर

डोंगरातल्या आत-बाशी गावात लग्न असो, बारसं असो की कुणा म्हातारीची पंचाहत्तरी, मेंढा शिजून परातीत आला की बोलणारी माणसं गप्प होतात आणि शेरगाझी आबांकडे बघतात. कुठलं हाड कुणाच्या पुढ्यात ठेवायचं ते आबा ठरवतात. डोकं कुणाला, मांडीचं हाड कुणाला, नळी कुणाला, शेपटाकडचा तुकडा कुठल्या बाईला, हे सगळं वयावर आणि मानावर असतं, आणि त्यात एक चूक झाली की दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. चाळीस वर्षांत आबांची एकही चूक झाली नव्हती. एकदा जिल्ह्याचा मोठा साहेब जेवायला आला, त्यानं डोक्यासाठी हात पुढे करून ठेवले होते. आबांनी डोकं दिलं कोपऱ्यात बसलेल्या एका बहिऱ्या मेंढपाळाला, कारण तो साहेबापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा होता. साहेबानं निमूटपणे खांद्याचं हाड चघळलं.

असा हा माणूस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, एका कॉम्प्युटरच्या खेळात, सगळ्यांत धाकटा ठरला.

त्याचं खापर एका बोकडावर फोडावं लागेल. आबा गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते, पण सुई टोचायला लोक अजून त्यांनाच बोलवत. डिसेंबरात एका बोकडाला ती सुई पसंत पडली नाही. त्यानं आबांची नडगी मोडली. दोन महिने प्लास्टर, पाय उशीवर, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. चौथ्या दिवशी आबा खाटेवरून कालिपाला, म्हणजे आपल्या बायकोला, कांदा कसा चिरावा हे शिकवायला लागले.

"पेरिझात," कालिपा सुनेला म्हणाली, "ह्यांना काहीतरी दे हातात. नाहीतर मी त्या बोकडाला परत बोलावते."

पेरिझात शाळेत गणित शिकवायची. नवरा ट्रक घेऊन खिंडीपलीकडे, महिन्यातून एकदा घरी. तिच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात तो ठोकळ्यांचा खेळ. त्या खेळात हार नाही, जीत नाही. जगच चौकोनी ठोकळ्यांचं: खणा, उचला, रचा, काय हवं ते बांधा. गावातली चौतीस माणसं, बारा वर्षांच्या पोरींपासून तिशीतल्या बाप्यांपर्यंत, चौदा वर्षं चालत आलेल्या एकाच जगात खेळत होती, आणि ते जग शाळेतल्या एका जुनाट मशीनमध्ये पेरिझात सांभाळत होती.

सासऱ्याला शिकवायचं म्हणजे तिची पंचाईतच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, लिहायचंही नाही. खेळात शिरताना नाव टाकावं लागतं, तिथे तिनं नुसतं 'अता' लिहिलं, म्हणजे वडील. आणि "हे बटण दाबा" असं तरी कसं म्हणणार? ती पडद्याकडे बघत म्हणायची, "लोक इथे हे बटण दाबतात म्हणे." आबा म्हणायचे, "लोकांना दाबायचं असेल तर दाबू दे." मग तेच दाबायचे.

पहिला आठवडा आबांनी नुसतं हिंडण्यात घालवला. पोरांनी काय काय बांधलं होतं! संगमरवरी महाल, हवेत तरंगणारी जहाजं, डोंगराएवढा घोडा. आबा बघत होते, पण मन रमत नव्हतं. एके दिवशी ते एका दलदलीत शिरले आणि थबकले.

"सूनबाई, हा चिखल आहे का गं?"

"हो अता. सगळ्यांत नव्या अपडेटमध्ये आला. कुणाला फारसा आवडला नाही. नुसता चिखल आणि बेडूक."

"ह्यात पेंढा घालता येतो?"

पेरिझातनं आठवून बघितलं. "गहू घालतात लोक. मग विटा होतात."

आबा उठून बसले. पाय उशीवरून घसरला, ते कळवळले, पण हसत होते. त्र्याऐंशी साली, लग्नाच्या उन्हाळ्यात, त्यांनी आणि कालिपानं ह्या घराच्या तीन हजार विटा पाडल्या होत्या. कालिपा अनवाणी चिखल तुडवायची, आबा पेंढा टाकायचे, आणि दोघं साचे उपडे करत नदीपासून रस्त्यापर्यंत ओळी लावायचे. गावातलं प्रत्येक जुनं घर असंच उभं राहिलेलं. आणि चौदा वर्षांत त्या ठोकळ्यांच्या जगात एकानंही असलं घर बांधलं नव्हतं, कारण बांधायला चिखलच नव्हता!

दोन दिवसांत आबांनी पाचशे विटा पाडल्या. दलदलीच्या काठावर ओळीनं मांडल्या आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी उघडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"कंटाळा आला का?" कालिपानं विचारलं.

"वाळू देत की."

"काय वाळू देत?"

"विटा! ओल्या विटा रचतात का कुठे? एवढं तुडवलंस आणि विसरलीस?"

पेरिझात दाराआड तोंडावर रुमालाचं टोक धरून उभी राहिली. खेळात विटा पाडल्या की लगेच रचता येतात, वाळवावं लागत नाही, हे सासऱ्याला कसं सांगावं ते तिला कळेना. पाचव्या दिवशी आबांनी जग उघडलं, एकेक वीट फिरवून आडवी ठेवली, आणखी तीन दिवस थांबले. मध्येच खेळात पाऊस आला तर त्यांची जी तारांबळ उडाली म्हणता! फळ्या शोधून शोधून विटांवर झाकल्या. नेमका त्याच वेळी बेकतूर तिथून घोड्यावरून चालला होता.

बेकतूर म्हणजे गावातला एकोणीस वर्षांचा, तोंडानं तिखट आणि मनानं साफ असा मुलगा. घोड्यांचं अपडेट आलं तेव्हा तो खेळात आला, आणि त्यानंतर जगात दुसरं काही येण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचा आवाज आला, "आबा, विटांना पांघरूण घालताय? अंगाईपण म्हणा की!"

"तू तुझ्या घोड्याला रात्री बाहेर ठेवतोस, म्हणून तुझ्या घोड्याला खोकला," आबा म्हणाले.

"खेळातल्या घोड्याला खोकला होत नाही, आबा!"

"तुला कळत नाही म्हणून होत नाही."

पण त्या चौतीस जणांची एक रीत होती, ती आबांना फेब्रुवारीत, प्लास्टर निघालं त्या दिवशी कळली. दर वर्षी नौरूझला, म्हणजे मार्चातल्या नव्या वर्षाच्या सणाला, दुपारी सगळे शाळेच्या जेवणघरात जमत आणि खेळाच्या अपडेटांचे नंबर लावत. जो ज्या अपडेटात खेळात आला ते त्याचं घराणं. सहा घराणी: रिकाम्या दिवसांचे, घोड्यांचे, समुद्राचे, मधमाश्यांचे, गुहांचे आणि चिखलाचे. सहा ताटल्या मांडायच्या. प्रत्येकाच्या हातात मेंढीच्या घोट्याचं एक हाड. आपल्या घराण्याची ताटली सोडून कुठल्याही ताटलीत टाकायचं. पहिल्या नंबरचं घराणं वरच्या जागी बसायचं. आणि शेवटच्या नंबरचं घराणं झारी आणि तस्त, म्हणजे हातांखाली धरायचं पसरट भांडं, घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी ओतायचं, मग जेवण संपेपर्यंत चहा. झारी धरायची त्या घराण्यातल्या सगळ्यांत मोठ्यानं.

घोडे दर वर्षी पहिले. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गावाच्या नावाचा अर्थच घोड्याचं डोकं; आत-बाशीत दुसरं काही पहिलं आलं असतं तर नदी उलटी वाहिली असती. आणि गेल्या वर्षी चिखल शेवटचा आला होता. एकही हाड नाही. चिखलाच्या घराण्यात होत्या सातवीतल्या तीन मुली, आणि आता आबा.

कालिपानं हिशेब लगेच केला. "म्हणजे ह्या नौरूझला तुम्ही झारी धरणार. बेकतूरच्या हातांवर पाणी ओतणार." ती थांबली आणि तिचे डोळे चमकले. "आणि सूनबाई तर सगळ्यांत जुनी, रिकाम्या दिवसांची! म्हणजे सासरा सुनेच्या हातांवर पाणी ओतणार! मी बायकांना घेऊन येते बघायला. बोरसोक तळून आणते बरोबर."

पेरिझातनं चहाचा वाडगा खाली ठेवला. "अता, तुम्ही त्या दिवशी येऊच नका. पाय दुखतोय म्हणून सांगते मी."

"पाय दुखत नाहीये," आबा म्हणाले.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत नीट. गावात ज्यानं चाळीस वर्षं प्रत्येकाची जागा ठरवली, त्याला सगळ्यांच्या देखत दाराजवळ, झारी हातात घेऊन उभं राहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर झारीपेक्षाही त्यांना चिखलाचं जास्त लागलं. एकही हाड नाही! ज्या मातीच्या घरात ही पोरं जन्मली, जिच्या भिंतीला पाठ टेकून खेळतात, तिचा नंबर मधमाश्यांच्याही खाली. आबांना मनापासून राग आला, आणि राग आला की ते कामाला लागत.

आधी त्यांनी तोंडानं प्रयत्न केला. बेकतूरला दुकानासमोर गाठलं.

"हे बघ, घोडा ठेवणार कुठे? तबेल्यात. तबेला कशाचा? मातीच्या विटांचा. मग चिखल आधी की घोडा आधी?"

"आबा, खेळात घोडे नऊ वर्षं आधी आले. वयानं मोठे. तुम्हीच सांगता ना, मान वयाला?"

 आबा घरी येऊन म्हणाले, "पोरगा हुशार आहे," आणि जग उघडून विटा रचायला बसले.

ह्या वेळी त्यांनी महाल नाही, गाव बांधायला घेतलं. आत-बाशीची वरची आळी, त्र्याऐंशी सालची. आधी स्वतःचं घर, दोन खिडक्या, धुराडं किंचित वाकडं, कारण ते खरंच वाकडं होतं आणि तो दोष कालिपाचा होता, असं ते म्हणत. मग शेजाऱ्याचं, मग हमामखाना, मग मेंढ्यांचा गोठा. सातवीतल्या तिन्ही मुली विटा पाडायला मदतीला आल्या आणि आबांनी त्यांनाही आठ-आठ दिवस वाळवायला लावलं. मुलींनी एकदा चोरून ओल्या विटांची भिंत रचली. आबांनी ती पाडायला लावली.

बातमी फुटली ती कालिपामुळे. तिनं पडद्यावर स्वतःचं घर बघितलं, चुलीसकट, आणि शेजारच्या म्हातारीला हाक मारली. म्हातारीनं आपलं घर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माझी खिडकी एवढीशी नव्हती हो! ह्यातून माझं डोकंही बाहेर आलं नसतं."

"तुमचं डोकं तेव्हा लहान होतं," आबा म्हणाले.

"मोठी करा."

आबांनी खिडकी मोठी केली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, तिसऱ्या दिवशी नऊ. पेरिझात चहा ओतून ओतून दमली. कुणाचं दार उलट्या बाजूला होतं, कुणाच्या अंगणात जर्दाळूचं झाड राहिलं होतं, एकीनं तर सांगितलं की तिच्या सासूच्या घराची भिंत मुद्दाम थोडी कललेली दाखवा. एका म्हाताऱ्यानं आपलं पाडलेलं घर बघितलं, जिथे आता पेट्रोल पंप आहे, आणि तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "शेरगाझी, ह्याचा दरवाजा उघडतो का?" आबांनी उघडून दाखवला. तो दोनदा म्हणाला, "उघडतो की!"

हे सगळं घराघरांत जाऊन पोहोचलं. आज्या नातवंडांना विचारू लागल्या, "त्या तुमच्या खेळात आपलं घर आहे, तू बघितलंस का? नाही? मग चौदा वर्षं करत काय होतात?" पोरं यायला लागली. बेकतूर आला, घोडा घेऊन आपल्या आजोबांच्या गोठ्यात शिरला, आणि म्हणाला, "बसतो की आत बरोबर." एवढंच म्हणाला. आबांना तेवढं पुरलं.

नौरूझला ऊन पडलं. रस्त्यावर खराखुरा चिखल झाला होता आणि जेवणघराच्या दारात बुटांचा ढीग. कालिपा शब्द पाळून बायका आणि तळलेल्या पिठाचे बोरसोक घेऊन आली होती. मेंढा शिजत होता. पेरिझातनं सहा ताटल्या मांडल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. आबा नवी टोपी घालून आले होते. ते कुणालाही कबूल करणार नव्हते, पण त्यांनी आदल्या दिवशी झारी उचलून बघितली होती, कितपत जड आहे ते.

एकेक जण पुढे येऊन हाड टाकू लागला. आबांची पाळी आली तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही. चिखलात टाकता येत नव्हतं, मग उरलं काय? आत-बाशीचा माणूस. टाकलं घोड्यांच्या ताटलीत.

बेकतूरनं मोजलं, मोठ्यानं. "घोडे, बारा!" घोड्यांच्या घराण्यानं आरडाओरडा केला. "समुद्र, सहा. मधमाश्या, चार. गुहा, दोन." मग त्यानं चिखलाची ताटली उचलली आणि ती जड लागली म्हणून आबांकडे बघितलं. "चिखल... अकरा! दुसरा नंबर!"

काय गोंधळ उडाला तो! सातवीतल्या तिघी बाकावर चढून नाचल्या. बायकांनी बोरसोक उधळले, दोन आबांच्या टोपीवर पडले. ज्या म्हातारीची खिडकी मोठी केली होती ती ओरडली, "माझ्या खिडकीमुळे!" आबा हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. बेकतूरनं त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्यावर येऊ नका म्हणजे झालं." शून्यावरून अकरा! आबांना वाटलं, सबंध गावाच्या मेंढ्यांचं वाटप केलं तरी असा आनंद कधी झाला नव्हता.

ह्या सगळ्या गडबडीत सहावी ताटली कुणी उचलली नाही, कारण उचलण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: रिकामे दिवस. पहिलं अपडेट यायच्याही आधीचा खेळ, जेव्हा जगात माती, दगड, झाड आणि आभाळ एवढंच होतं. त्या घराण्यात एके काळी पाच जण होते. चौघं बिश्केकला आणि रशियाला गेले, उरली एकटी पेरिझात. तिनंच सगळ्यांना खेळ शिकवला होता, म्हणून दर वर्षी लोक आदरानं त्या ताटलीत आठ-दहा हाडं टाकत. ह्या वर्षी ती सगळी हाडं चिखलात गेली होती. पेरिझातनं आपलं हाडही चिखलातच टाकलं होतं.

आबांनी बघितलं तेव्हा ती आधीच उठली होती. डोक्याचा रुमाल घट्ट बांधून, बाह्या वर करून तिनं झारी उचलली होती.

बेकतूरचा चेहरा उतरला. "एजे," तो म्हणाला, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, "थांबा, आपण परत मोजू. माझं हाड मी..."

"मोजलं ना एकदा," पेरिझात हसून म्हणाली. "असू दे रे. मला रोजचीच सवय आहे."

ती आबांकडेच आली पहिल्यांदा. घरात रोज येते तशी. आबांनी सवयीनं हात पुढे केले, आणि ते पुढे केलेले हात बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ह्या पोरीनं चौदा वर्षं ते जग सांभाळलं. त्या रिकाम्या जगात ती आली नसती तर घोडे कुठे पळाले असते, आणि चिखल कुठे पडला असता? नऊ वर्षं ती त्यांच्या हातांवर पाणी ओतत होती. तिच्या ताटलीत एक, फक्त एक हाड टाकायला माणूस हवा होता, आणि आपलं हाड आपण टाकलं कुठे, तर जिथे आधीच ढीग होता तिथे. चाळीस वर्षांत चूक झाली नव्हती ती आज झाली, आणि घरच्याच माणसाच्या बाबतीत.

आबा उठले. पाय अजून थोडा लंगडत होता. त्यांनी झारीची मूठ धरली. पेरिझातनं सोडली नाही.

"अता, नियम आहे. शेवटचा नंबर पाणी ओततो."

"नियम मला नको शिकवूस. ह्या खोलीत सगळ्यांच्या शेवटी कोण आलं खेळात? मी. सगळ्यांच्या आधी कोण आलं? तू. मग कोण कुणाच्या हातांवर ओतणार?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "कुणाला काही म्हणायचंय?"

 आत-बाशीत ह्या बाबतीत आबांपुढे कुणी बोलत नाही. आबांनी सुनेला दंडाला धरून वरच्या जागी, घोड्यांच्याही वर, नेऊन बसवलं. ती लाल झाली होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि सासूकडे बघितलं. कालिपा इतके दिवस ह्याच तमाशाची वाट बघत होती, पण आता तिच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, धर की हात पुढे!" ती दारातून ओरडली. "मेंढा निवतोय!"

सगळे हसले. पेरिझातही हसली, आणि हात पुढे केले. खडूनं खरखरीत झालेले, बोटाला शाईचा डाग. आबांनी झारी कलंडवली. लहानपणानंतर हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पाणी भसकन आलं, तस्ताबाहेर उडालं, तिची एक बाही कोपरापर्यंत भिजली.

"हळू, अता," पेरिझात म्हणाली.

आबांनी धार बारीक केली.